भंडारदऱ्याजवळ मुलीसोबत अकीक (अ‍ॅगेट हा शोभेचा दगड), गारगोट्या कुठे शोधता येतील?

दिवाळीच्या सुट्टीत भंडारदऱ्याला तंबूत राहणार आहोत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले स्टिलबाइट, अपोफिलाइट या खनिजांचे स्फटिक पाहिल्यापासून आठ वर्षांच्या लेकीला स्वतः दगड शोधायचेत आणि तिची ही हौस मला मनापासून पुरवायची आहे. संगमनेरजवळ प्रवरेच्या पात्रात शोधून पाहिलं. काळा बेसाल्ट आणि पांढऱ्या गारेचे (क्वार्ट्झचे) बारीक तुकडे, एवढंच मिळालं.

दगडखाणीत तिला नेणार नाही, तिथे सुरुंग लावतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून काही उचलायचं नाही. हातोडाही नको, फक्त सुटे पडलेले दगड. गाडी आहे, तासाभराचा प्रवास चालेल.

अभयारण्याबाहेर, राजूर ते अकोले पट्ट्यात, धरणातून पाणी सोडलं तरी धोका नाही असा ओढा किंवा माळ कुणाला माहीत आहे का? आणि न घासलेला अकीक साध्या गारेपासून लहान मुलीला ओळखता येईल, अशी खूण कोणती?