प्रति: एसटीवर विधिमंडळाचा वचक

‘एसटी महामंडळ स्वायत्त आहे, आमदारांच्या हातात काही नाही’ हे या चर्चेतलं म्हणणं मला पटत नाही. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याप्रमाणे एसटीचे हिशेब कॅग (देशाचे महालेखापरीक्षक) तपासतं आणि तो अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. पुढे विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावू शकते. हत्यार आहे, वापरायला हवं.

पण एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही. हिशेबात सवलतीचे पैसे दिसतात, न सुटलेली गाडी दिसत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत माझ्या पुतणीला शाळेचा पास मोफत आहे. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावची संध्याकाळची फेरी रद्द झाली की तो पास दप्तरातच राहतो, आणि पोर अंधारात पायी येते. म्हणून आम्ही पालकांनी माहितीच्या अधिकारात वर्षभराच्या रद्द फेऱ्या तारखेनिशी मागवल्या आणि तो कागद आमदारांच्या हातात दिला. ‘गाड्या वेळेवर येत नाहीत’ एवढ्या तक्रारीवर मंत्र्यांना सभागृहात गोलमोल उत्तर देता येतं, तारीखवार यादीवर देणं अवघड जातं. मराठवाड्यातल्या प्रत्येक आगाराची अशी यादी समितीपुढे गेली पाहिजे.