मदत हवी आहे: प्रभाग रचनेच्या प्रारूपावर हरकत कशी लिहायची?

महापालिकेच्या प्रभाग रचनेचं प्रारूप आलंय. प्रभाग चार सदस्यांचे. नाल्याअलीकडची १०,००० लोकसंख्येची सलग वस्ती निम्मी प्रभाग ७ मध्ये, निम्मी ८ मध्ये गेली आहे. 'वस्ती तोडू नका' एवढं लिहून भागेल का?

प्रतिसाद १
नाही. तुमचा बदल मर्यादेत बसतो हे आकड्यांनी दाखवावं लागेल. प्रभागाची सरासरी लोकसंख्या म्हणजे शहराची लोकसंख्या भागिले एकूण सदस्य, गुणिले प्रभागातले सदस्य; त्याच्या १० टक्के खाली-वर चालतं. समजा एका सदस्यामागे १२,००० येतात. मग चौघांचे ४८,००० आणि मर्यादा ४३,२०० ते ५२,८००.

आता धरा, ७ मध्ये ४७,००० आणि ८ मध्ये ५०,५०० आहेत. सातमधले ५,००० आठमध्ये ढकलले तर आठ ५५,५०० वर जातो; हरकत तिथेच पडते. उलट आठमधले ५,००० सातमध्ये आणले तर ५२,००० आणि ४५,५००, दोन्ही बसतात. म्हणून हलवायचे प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेले छोटे भाग) क्रमांकानिशी लिहा, दोन्ही प्रभागांची आधीची-नंतरची बेरीज तक्त्यात द्या. गट शक्यतो फोडायचा नसतो, तेव्हा अर्धा गट मागू नका. नाला ही नैसर्गिक हद्द आहे, हा मुद्दा आवर्जून घ्या. मुदतीत द्या, पोच घ्या, सुनावणीला नकाशा न्या.

प्रतिसाद २
मतदारयादीचे आकडे मात्र वापरू नका. आधार २०११ च्या जनगणनेचा असतो. 'आता इथे टॉवर झालेत' हे खरं असलं तरी सुनावणीत टिकत नाही.

प्रश्नकर्ता
वस्ती एकत्र आली तर तिचा माणूस निवडून येईल?

प्रतिसाद १
खात्री नाही. ५२,००० मध्ये १०,००० म्हणजे जेमतेम १९ टक्के. अ, ब, क, ड या चारही जागांना अख्खा प्रभाग मत देतो, त्यामुळे बाकीचे एका बाजूला गेले तर वस्ती चारही जागा हरू शकते. मुंबईसारखा एकसदस्यीय प्रभाग असता तर १२,००० मध्ये हीच वस्ती निर्णायक ठरली असती. मला हा बहुसदस्यीय पद्धतीचा मोठा दोष वाटतो, पण सदस्यसंख्या कायद्याने ठरते, हरकतीने बदलत नाही.

तरी वस्ती एकत्र ठेवायला हवीच. अनुसूचित जातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने प्रभागांना मिळतात. दलित वस्ती फोडली की दोन्हीकडे टक्का पातळ होतो आणि प्रभाग यादीत खाली घसरतो. तुमच्याकडे तसं असेल तर अनुसूचित जातींची लोकसंख्याही त्याच तक्त्यात टाका.