गुप्त मारेकरी संघटनेतील तलवारबाज नायिका: हाती दांडपट्टा द्यावा की आणखी काही?

सांजवात:
नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक ऐतिहासिक कादंबरी लिहीत आहे. काळ १६८९ नंतरचा आहे. संभाजी महाराजांची हत्या झाली आहे, रायगड पडला आहे, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत आहेत आणि राजाराम महाराज जिंजीला पोचले आहेत. माझी नायिका रखमा पूर्णतः काल्पनिक असून शत्रूच्या छावणीतील नेमकी माणसे टिपणाऱ्या एका गुप्त संघटनेत ती वाढली आहे. ती संघटनाही काल्पनिकच आहे. देवळाखालचे तळघर, तिथे घेतलेली शपथ, अंगावर काळी घोंगडी आणि हातात दांडपट्टा, असे तिचे चित्र मी उभे केले होते. पहिला खर्डा पूर्ण करून वाचला, तेव्हा मात्र ती मला उसनी वाटू लागली. चेहरा झाकून छपरांवरून उड्या मारणारी ही बाई भीमा-नीरेच्या खोऱ्यातली वाटेना. तिच्या हाती दांडपट्टा शोभेल का, आणि अशा संघटनेला आपल्या परंपरेत काही आधार सापडतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. विषकन्येचा धागा घ्यावा की नाही, याबाबतही माझा निर्णय झालेला नाही.

आखाडा:
सांजवातताई, मी कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकलो आणि आता मुलामुलींना शिकवतो, म्हणून फक्त शस्त्राविषयी लिहितो. दांडपट्टा हे लपवण्याचे शस्त्र नाही. त्याचे पाते लांब, सरळ आणि लवचीक असते आणि मूठ लोखंडी खोबळ्याच्या आत आडवी असते. हात कोपरापर्यंत खोबळ्यात गेला की मनगट जवळजवळ जखडले जाते. त्यामुळे वार मनगटातून निघत नाही. तो खांद्यातून, कमरेतून आणि पायांच्या फिरण्यातून निघतो. पट्टेकऱ्याला भोवती मोकळे रिंगण लागते. चौघांनी घेरले असता वाट काढायला पट्ट्यासारखे शस्त्र नाही, पण तंबूच्या कनातीआड, दोन हात जागेत, तो फिरणारच नाही.

१६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली भेट आठवून पाहा. तिथे दोन्ही प्रकारची शस्त्रे होती. वाघनखे आणि बिचवा (आखूड, वाकडा खंजीर) महाराजांपाशी, कोणाला दिसू नयेत असे. आणि ज्याच्यामुळे ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण रूढ झाली, तो जिवा महाला अंगरक्षक म्हणून हत्यार घेऊन उघड उभा. रखमा यांपैकी कोण आहे, हे आधी ठरवा. ती छावणीत शिरून माणूस टिपणार असेल, तर बिचवा किंवा आखूड कट्यारच तिला योग्य.

आणखी एक गोष्ट कादंबरीत यावी असे मनापासून वाटते. शिकवताना आधी लाठी, मग फरी-गदगा (लहान ढाल आणि काठी) आणि पुष्कळ दिवसांनी पट्टा हातात देतात. वर्षानुवर्षे पट्टा फिरवला की उजव्या हाताची ठेवण बदलते. माझा स्वतःचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड झाला आहे आणि कोपराखाली खोबळ्याचा घट्टा कायमचा आहे. लढणाऱ्या बाईला चेहरा झाकता येईल, पण हे हात कुठे लपवणार?

शब्दकोशी:
संघटनेसाठी परका आदर्श शोधण्याची गरज नाही, कारण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांची, म्हणजे गुप्त हेरांची, पुरेशी तपशीलवार मांडणी आहे. जिवाची पर्वा न करता द्रव्यासाठी हत्तीशी किंवा हिंस्र श्वापदाशीही झुंजणारे ते ‘तीक्ष्ण’. आप्तांविषयीही माया नसलेले, क्रूर, विष देणारे ते ‘रसद’. धीट, अंतःपुरात मान असलेली आणि अमात्यांच्या घरी सहज ये-जा करणारी विधवा ती ‘परिव्राजिका’. ‘तीक्ष्ण’ हा छत्र, झारी, पंखा, पादुका किंवा वाहन सांभाळणारा सेवक होऊन मोठ्या माणसाच्या जवळ राहतो, याकडे लक्ष द्यावे. तो छपरावर नसतो, पंखा घेऊन पाठीशी उभा असतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा नियम: या हेरांनी आणि त्यांच्या ठाण्यांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तिघांची बातमी स्वतंत्रपणे जुळली तरच ती खरी मानावी. या एका नियमाने तुमचे तळघर आणि सामूहिक शपथ दोन्ही गळून पडतात. संघटनेला नावही देऊ नका. रखमाला आपल्यासारखे आणखी किती आहेत हेच ठाऊक नसेल, शेजारी भाकरी थापणारी बाई आपल्यातली आहे की शत्रूची हे तिला उमगत नसेल, तर भीती आणि एकटेपण आपोआप कथेत येईल.

शस्त्राविषयी त्याच ग्रंथातील एक उदाहरण देतो. राजाने अंतःपुरात सावध का राहावे हे सांगताना, वेणीत लपवलेल्या शस्त्राने राणीने विदूरथ राजाला मारल्याचा उल्लेख येतो. त्याच ठिकाणी विष लावलेले पैंजण आणि आरसा हेही येतात.

विषकन्येचा मोह मात्र टाळावा असे माझे मत आहे. मुद्राराक्षस या संस्कृत नाटकातली विषकन्या पर्वतक राजाचा प्राण घेते, पण ती स्वतः काहीच ठरवत नाही. ती केवळ पाठवली जाते. तुमची नायिका कौशल्याने जिंकणारी आहे, आणि विषकन्येचे शरीर हेच शस्त्र असल्याने तिथे कौशल्याला जागाच उरत नाही. एक सावधगिरीही बाळगा. अर्थशास्त्राची पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरला शामशास्त्री यांच्या हाती आली आणि ग्रंथ १९०९ मध्ये छापला गेला. म्हणून रखमाच्या तोंडी कौटिल्याची सूत्रे घालू नयेत. रीत तेवढी घ्यावी.

भीमाकाठ:
मी मंगळवेढ्याकडचा. औरंगजेबाचा मुख्य तळ १६९५ पासून १६९९ पर्यंत आमच्या ब्रह्मपुरीला भीमेच्या काठावर होता आणि जवळच माचणूरचा किल्ला आजही उभा आहे. तुमची कथा तिथे आणावी, अशी विनंती करतो. ती छावणी म्हणजे बाजारपेठांसह वसलेले शहरच होते, आणि एवढ्या माणसांना लागणारा दाणा, वैरण, सरपण रोज कोणीतरी आत नेत असणार. येसूबाई आणि शाहू याच छावणीबरोबर कैदेत होते, त्यामुळे रखमाचे काम केवळ जीव घेण्याचे राहणार नाही. एखादा निरोप सुखरूप पोचवणे हे खुनापेक्षा अवघड ठरेल.

तिला कासारीण करावे असे मला सुचते. बांगड्या भरायला कासारीण जनान्यातही बोलावली जाते आणि तिच्या टोपलीकडे कोणी संशयाने पाहत नाही. आता ‘आखाडा’ यांनी हातांविषयी लिहिले आहे ते याला जोडून पाहा. मोगल जनान्याच्या पहाऱ्यावर उर्दूबेगी, म्हणजे शस्त्रधारी स्त्रिया, असत. बांगडी भरताना कासारीण प्रत्येकीचा हात दाबून पाहते. उजव्या हाताला डाव्यापेक्षा मोठे माप लागले की, दासीच्या वेषात बसलेली ही बाई तलवार चालवणारी आहे, हे रखमाला बोलल्याविना कळेल. आणि एखाद्या उर्दूबेगीने तिचा हात उलटा धरून पाहिला, तर तिचेही बिंग त्याच क्षणी फुटेल.

सांजवात:
आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. तळघर, शपथ आणि काळी घोंगडी आजच काढून टाकली, आणि विषकन्याही घेणार नाही. पहिले प्रकरण आता ब्रह्मपुरीच्या बाजारात, बांगड्यांच्या टोपलीपाशी सुरू होईल. बिचवा वेणीत राहील. दांडपट्टा मात्र मी सोडत नाही. तो तिच्या वडिलांचा असेल, घरात आढ्याला टांगलेला, आणि रखमाच्या कोपराखालचा घट्टा त्यानेच पडलेला. सगळ्या कादंबरीत ती तो एकदाच हाती घेईल: उर्दूबेगीने तिचा हात ओळखल्यानंतर, भीमेच्या वाळवंटात, जिथे लपायला जागा नाही आणि फिरायला रिंगण आहे.