फेसबुकवरचा अहिराणी ग्रुप: सोडावा, हलवावा की राहू द्यावा? सल्ला हवा

बोरीकाठ (अमळनेर)
नमस्कार मंडळी. आम्ही काही जणांनी फेसबुकवर अहिराणीचा, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीचा, ग्रुप काढला त्याला बरीच वर्षं झाली. म्हणी, शब्द, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, श्रावणातल्या कानबाईच्या सणाची गाणी, कुणाच्या आजीने सांगितलेले उखाणे, असं पुष्कळ साठलंय. सदस्य अमळनेर-पारोळा-शिरपूरकडचे आहेत, तसे सुरतला उधना-लिंबायतमध्ये राहणारेही खूप आहेत.

हल्ली मात्र ग्रुप उघडला की घरबसल्या कमवा, पाच मिनिटांत कर्ज आणि कुठले कुठले रील. ओवी टाकली तर चार जणांना दिसते, भांडण लागलं की अख्खा ग्रुप हजर. काही जण म्हणतात व्हॉट्सॲपवर चला, तरुण पोरं टेलिग्राम म्हणतात, पुण्यात आयटीत असलेला भाचा मॅस्टोडॉन नावाच्या कुठल्याशा नेटवर्कचं नाव घेतो. एक नाना तर म्हणाले, बंदच करून टाक, कटकट गेली. मलाही फेसबुकचा वीट आलाय. पण मी निघालो तर साठलेल्याचं काय? ज्यांनी असं काही हलवलंय त्यांनी सांगावं. मला यातलं तांत्रिक फार कळत नाही, सोपं लिहा.

सातपुडा८
टेलिग्राम. दोन लाखांपर्यंत माणसं बसतात, नवीन आलेल्याला जुनंही वाचता येतं. विषय संपला.

गिरणाथडी (भडगाव)
विषय कसला संपला भाऊ, आता तर सुरू झाला.

बोरीकाठ दादा, कुठे जायचं ते नंतर बघू. गाडी ठरवायच्या आधी सामान बांधून ठेवतात ना, तसं आधी माल बाहेर काढा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये आपली माहिती डाउनलोड करायची सोय आहे, पण त्यात तुमच्या पोस्ट आणि तुमचे फोटो येतात. ग्रुपमध्ये दुसऱ्यांनी टाकलेलं येत नाही. पूर्वी बाहेरचे प्रोग्राम ग्रुपमधला मजकूर ओढून घेऊ शकायचे. तो रस्ता फेसबुकने एप्रिल २०२४ मध्ये बंद केला. तेव्हा ॲडमिन असलात तरी एका बटणात ग्रुप हाती लागणार नाही. बसून कॉपी-पेस्ट करणं आलं.

आणि आज रात्रीच व्हिडिओ तपासा. कानबाईच्या रोटांचं, एखाद्या कविसंमेलनाचं लाइव्ह केलं असेल ना कुणी? फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुक लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी काढून टाकतं. त्याआधीच्या जुन्या व्हिडिओंसाठी नोटीस पाठवून ९० दिवसांची मुदत दिली होती. ज्यांनी लाइव्ह केलं त्यांना फोन लावा, त्यांच्याकडे उतरवलेली प्रत असली तर नशीब.

राहिला प्रश्न कुठलं ॲप टिकेल याचा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. टिकटॉकवर सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली, आपल्याकडची किती पोरं त्यावर अहिराणीत धमाल करायची, त्यांचं सगळं एका झटक्यात गेलं. स्वदेशी म्हणून 'कू'वर गेलेल्यांना जुलै २०२४ मध्ये टाळं दिसलं. २०२५ च्या सप्टेंबरात 'अरट्टाई' या स्वदेशी चॅट ॲपचा गाजावाजा झाला तेव्हा आमच्या पतपेढीतल्या सगळ्यांनी ते घेतलं. आता विचारा किती जण उघडतात.

बोरीकाठ
लाइव्हचं हे माहीतच नव्हतं. दोन-तीन तरी व्हिडिओ होते. उद्याच चोपड्याच्या आप्पांना विचारतो, त्यांनीच केले होते. पण दुसऱ्यांच्या पोस्ट उचलून आणल्या तर चालतं का?

गिरणाथडी
विचारून उचला. ग्रुप तुमचा असला तरी लिहिलेलं ज्याचं त्याचं. परंपरेने आलेल्या ओवीवर कुणाचा हक्क नाही, पण एखाद्याने स्वतः रचलेली कविता असली तर त्याचा होकार हवाच. ग्रुपवर एक पोस्ट वर पिन करून सगळ्यांना कळवा, कविता करणाऱ्यांना वेगळा मेसेज. आणि एक्सेलमध्ये भरताना नुसतं गाणं नको. कोणाकडून ऐकलं, गाव कुठलं, कुठल्या सणाला म्हणतात, असे रकाने ठेवा. शिरपूरकडची अहिराणी आणि बागलाणातली अहिराणी सारखी थोडीच आहे? गाव लिहिलं नाही तर पुढे काय कामाचं?

उधन्याची_सून
मी सुरतेतून लिहितेय, माहेर साक्रीकडचं. सगळे ॲपचं बोलताय, बायकांचं कोणी बोलत नाहीये.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये गेलं की नंबर सगळ्यांना दिसतो. फेसबुकवर हजारो लोकांत मी निवांत वाचत बसते, पण तेवढ्या अनोळखी माणसांना माझा नंबर द्यायची तयारी नाही. एकदा दिला होता एका समाजाच्या ग्रुपमध्ये. रात्री अकराला 'ताई ओळख ठेवा' सुरू झालं. चॅनल असेल तर ठीक, त्यात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण चॅनलवर आपण बोलू शकत नाही, नुसतं ऐकायचं.

उलट बाजूही सांगते. माझ्या सासूबाईंना टाइप करता येत नाही. फेसबुकवर त्या कधीच नव्हत्या. व्हॉट्सॲपवर मात्र माइकचं बटण दाबून आखाजीचं अख्खं गाणं म्हणून पाठवतात, मध्ये कुकरची शिट्टीसुद्धा येते. तुम्हाला खरी गाणी हवीत ना? ती अशाच बायकांकडे आहेत, आणि त्या फक्त तिथेच आहेत. तेव्हा व्हॉट्सॲप गोळा करायला ठेवा. साठवायला नको, फोन बदलला की निम्मं जातं.

सातपुडा८
ताई, म्हणून तर टेलिग्राम. नंबर लपवता येतो.

उधन्याची_सून
लपवता येतो हे आमच्या गल्लीतल्या बायकांना शिकवायला तुम्ही येणार का? या. चहा देते.

पांझरा_माणूस (धुळे)
'बंदच करून टाका' म्हणणाऱ्या नानांसाठी लिहितोय.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. देशात इतर ठिकाणीही तशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

तेव्हा आमच्या ओळखीतले बरेच शिकलेले लोक 'हे घाणेरडं माध्यम' म्हणत गावाच्या ग्रुपमधून बाहेर पडले. मला ते पटलं नाही. मास्तर, कंपाउंडर, पोस्टातला माणूस असे सगळे उठून गेले तर 'हे खोटं आहे' म्हणायला मागे कोण उरतं? मी अजून आहे. सकाळी सकाळी देवाचे फोटो आणि फुलं सोसतो. पण परवा लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (उघडली की फोनवर ॲप बसवणारी) आली, तेव्हा 'कोणी उघडू नका, पैसे जातील' असं लिहिणारा मीच होतो. कुणाचे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हेही तिथेच सांगितलं.

मॅस्टोडॉनवर खूप शांतता आहे म्हणतात. असेल. आमच्या गावातलं तिथे कोणी नाही, म्हणून शांतता.

केळीबाग_आयटी (रावेर, सध्या पुणे)
भाच्याची बाजू थोडी घेतो, कारण त्याच जातीतला आहे. मॅस्टोडॉन एका कंपनीच्या मालकीचं नाही, वेगवेगळे लोक आपापला सर्व्हर चालवतात आणि ते एकमेकांशी जोडलेले असतात. जाहिराती नाहीत, कोणाला काय दाखवायचं ते यंत्र ठरवत नाही. पण सर्व्हर चालवणारा कंटाळला की तोही बंद पडतो. दुसरीकडे खातं हलवलं तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. म्हणजे तुमचा मूळ प्रश्न तिथेही सुटत नाही. मला स्वतःला आवडतं, आमच्या क्षेत्रातले लोक भेटतात. माझे वडील मात्र सकाळी उठून केळीचे, म्हणजे नवती आणि पिलबागचे, भाव बघतात, ते व्हॉट्सॲपवरच. त्यांना मॅस्टोडॉनवर नेण्यात अर्थ नाही.

टेलिग्रामबद्दल एक गैरसमज काढतो. त्यावरचे साधे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे मधल्या कंपनीलाही वाचता येणार नाही असे) नसतात, फक्त सीक्रेट चॅट असतात. तुमच्या ओव्यांना काय फरक पडतो म्हणा, पण 'सेफ' म्हणून कोणी विकत असेल तर माहीत असावं.

साठवायला इंटरनेट आर्काइव्ह वापरा. फुकट आहे, आवाज आणि व्हिडिओ दोन्ही चढवता येतात. तरी एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर हवीच, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावरही सायबर हल्ला होऊन ते काही दिवस बंद होतं.

फेसबुक ग्रुप डिलीट करू नका. ॲडमिनला ग्रुप 'पॉज' करता येतो: जुनं दिसत राहतं, नवीन पोस्ट पडत नाही. किंवा पोस्ट मंजुरी चालू करा, कर्जवाले आपोआप अडतील. तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर स्वतःचं खातं बंद करायच्या आधी दुसरा ॲडमिन नेमा, नाहीतर ग्रुप बेवारस होईल. आणि वैतागाने खातं डिलीट केलंतच, तर ३० दिवसांत परत लॉग इन करून रद्द करता येतं.

नाना_पारोळेकर
बंद कर म्हणणारा तो मीच. बठ्ठं सोडीसन कोठे जाशी (सगळं सोडून कुठे जाशील), हे पांझरावाल्यांनी मलाच विचारल्यासारखं वाटलं. बरं, बंद नका करू. पण ते रील तेवढे घालवा.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. आज पोस्ट मंजुरी चालू केली, लगेच कर्जाच्या तीन जाहिराती अडकल्या. चोपड्याच्या आप्पांकडे एका लाइव्हची प्रत सापडली, बाकीच्या गेल्या. ग्रुप तिथेच राहील, बंद न करता. एक्सेलचं काम आखाजीपर्यंत करायचं ठरवतोय. माझं खातं ठेवतो, फोनवरचं ॲप मात्र काढलं. ग्रुप आता कॉम्प्युटरवरून बघणार. कॉपी-पेस्टला कोण कोण बसणार?

केळीबाग_आयटी
म्हणींचा भाग माझ्याकडे द्या. एक्सेल ऑनलाइन ठेवतो, सगळ्यांना भरता येईल.

उधन्याची_सून
आमच्या गल्लीतल्या बायकांचे आवाज मी पाठवते. फक्त रविवारी, बाकी दिवस खाली लूमचा खडखडाट असतो. सासूबाई विचारताहेत की पूर्ण गाणं पाहिजे की दोन कडवी. पूर्ण म्हटलं तर अर्धा तास लागेल म्हणतात.

बोरीकाठ
पूर्ण!