चौकोन टिपा मारून तयार आहेत, पण जोडले की मागे दांडा येतो

सुईदोरा_इंदूर

नमस्कार मंडळी. सिंगल बेडची रजई सुट्ट्या चौकोनांतून करते आहे. ५ आडवे, ७ उभे, असे ३५ चौकोन तिन्ही थर घालून, वरून टिपा मारून तयार आहेत. वर बाग प्रिंट (मध्य प्रदेशातल्या बाग गावची ठसेछपाई) आणि साधं सुती कापड आलटून पालटून, मध्ये १०० जीएसएमचं (चौरस मीटरला १०० ग्रॅम) पॉलिएस्टर शीट, खाली पॉपलीनचं अस्तर. टिपा थेट कडेपर्यंत गेल्या आहेत. मशीन पायाचं, फक्त सरळ टीप मारणारं. झिगझॅग नाही.

दोन चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवून जोडून पाहिले, तर मागे सहा थरांचा दांडा आला. इस्त्रीनेही बसत नाही आणि अस्तराच्या बाजूने कच्च्या कडा दिसतात. मापाचाही घोळ आहे: कापताना सगळे साडेबारा इंच होते, टिपा मारल्यावर कुठे १२ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), कुठे १२ इंच ३ सूत. एक तर पावणेबाराच भरतो.

दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसेल असं कसं जोडायचं? वेगळी पट्टी लागणार असेल तर कापड किती घ्यावं, आणि मोतिया रंगाची चालेल का?

---

फर्मा_आणि_खडू

ताई, टिपा कडेपर्यंत गेल्या आहेत म्हणजे आता पट्टी लावूनच जोडायचं. बाकीच्या रीतींना कडेची इंचभर जागा मोकळी लागते. पट्टी लावली की दांडा येत नाही, कारण दोन चौकोनांच्या कडा एकमेकींवर चढत नाहीत. त्या शेजारी शेजारी टेकतात आणि वरून-खालून कापड त्यांना झाकतं.

आधी माप. टिपा मारल्या की कापड आत ओढलं जातं, आणि जिथे टिपा दाट तिथे जास्त. त्यामुळे सगळे चौकोन आता परत कापायचे, १२ × १२. जाड पुठ्ठ्याचा फर्मा करा आणि त्याचा कर्ण मोजा. तो १७ इंच भरला पाहिजे, दोन्हीकडून. पाव इंचाचा फरक असेल तर फर्माच तिरपा आहे, आणि ती चूक ३५ वेळा शिवली जाईल. फर्म्याने आखा, पण लगेच कातरू नका. आखलेल्या रेघेच्या एक सूत आतून चारी बाजूंनी एक टीप फिरवा, मग रेघेवर कापा. नाहीतर तुमच्या टिपांची टोकं कातरीखाली तुटतील आणि धुण्यात उसवत जातील. ही फेरटीप पुढे मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कडेत, लपते.

पावणेबाराचा जो एक आहे त्याच्यासाठी बाकीचे ३४ लहान करू नका. त्याच्या कडेकडच्या दोन-दोन टिपा उसवा, वाफ द्या, सपाट पसरून ठेवा. बऱ्याचदा तेवढ्याने पाव इंच परत मिळतं. नाही मिळालं तर तो एक नवीन करा. ताणून बसवलेला चौकोन पुढे कायम फुगलेला राहतो.

आता पट्ट्या. सुलट बाजूची पट्टी १ इंच १ सूत रुंद, एकेरी. अस्तराच्या बाजूची २ इंच रुंद, मधोमध दुमडून इस्त्री केलेली, म्हणजे हातात १ इंचाची दुहेरी पट्टी. माया सगळीकडे पाव इंच.

पहिला चौकोन सुलट बाजू वर करून ठेवा. त्याच्या उजव्या कडेवर एकेरी पट्टी उलटी ठेवा, म्हणजे सुलटावर सुलट. त्याच कडेखाली अस्तराला लागून दुमडलेली पट्टी, दुमड आतल्या बाजूला, कच्च्या कडा बाहेर. तिन्हींच्या कडा एका रेषेत आणा, टाचण्या लावा आणि पाव इंचावर एकच टीप मारा. दोन्ही पट्ट्या एकदमच बसतात. वरची पट्टी बाहेर उघडून बोटाने दाबा. तिच्या मोकळ्या कडेवर दुसरा चौकोन सुलटावर सुलट ठेवा आणि पुन्हा पाव इंचावर टीप. या वेळी खालची दुमडलेली पट्टी मागे वळवून टाचणीने अडकवून ठेवा, कारण हमखास होणारी चूक इथलीच: ती दुसऱ्या टिपेत सापडते आणि सगळं उसवावं लागतं. मग उघडा, पालथं घाला, दुमडलेली पट्टी फटीवरून पलीकडे न्या आणि हातशिलाईने बसवा.

मापं अशीच का, ते पाहा. वरची पट्टी शिवल्यावर ५ सूत उरते. तिच्याखाली दोन चौकोनांची पाव-पाव इंच माया येते, म्हणजे ४ सूत. उरलेलं एक सूत कापडाच्या वळणात जातं. माया ३ सूत धरली तर कडा एकमेकींवर चढतात आणि तुमचा दांडा परत येतो. एकच सूत धरली तर मध्ये पोकळ पन्हळ राहते, पट्टी आत बसते आणि तिथेच आधी विरते. खालच्या पट्टीचं पाव इंच शिवणीत गेलं की पाऊण इंच, म्हणजे ६ सूत उरते. फट ५ सुताची. दुमड पलीकडच्या टिपेवरून एक सूत पुढे जाते आणि टीप पूर्ण झाकते.

पाच-पाच चौकोनांच्या सात ओळी आधी करा. ओळी जोडायची रीतही हीच, फक्त पट्टी ६२ इंचाची. तिथे मात्र एक गोष्ट चुकवू नका. लांब पट्टी पहिल्या ओळीला शिवून उघडली की उभ्या पट्ट्यांच्या दोन्ही कडा फूटपट्टीने लांब पट्टीवर पुढे वाढवून तिच्या मोकळ्या कडेवर खडूने खुणा करा. दुसऱ्या ओळीच्या उभ्या पट्ट्या त्या खुणांवर टाचायच्या. खुणा न करता शिवलं तर चौरस्ते पाव-अर्धा इंच सरकतात, आणि रजईवर नजर पहिली तिथेच जाते.

कापड: ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर घ्या, त्यात गोटसुद्धा (रजईच्या कडेची पट्टी) बसतो. धुऊन घ्या, मग काठ काढून टाका. सगळ्यात आधी कापडाच्या लांबीत, उभ्या धाग्यात, ६२ इंचाच्या पट्ट्या काढा: सहा एकेरी, सहा दुहेरी. म्हणजे त्यांना मध्ये जोड येत नाही आणि उभा धागा कमी ताणतो. मग १२ इंची २८ एकेरी आणि २८ दुहेरी. उरलेल्यातून अडीच इंची चार लांब पट्ट्या गोटाला. रजईचा घेर सुमारे २९० इंच होतो, कोपरे आणि जोड धरून ३०० च्या वर पट्टी हवी. तयार माप साधारण ६०½ × ८४¾ इंच.

---

पायमशीन

वरचं सगळं बरोबर आहे. मशीनपुरतं मी सांगतो.

सुई १६ नंबरची घाला. १४ नंबर साध्या जोडाला चालते, पण ओळी जोडताना चौरस्त्यावर ती वाकते आणि टाका सोडते. टाका इंचाला ८, त्याहून बारीक नको. बारीक टाक्याने जाड थर आकसतात, आणि उसवायची वेळ आली की कापडाची चाळण होते.

तुमच्या मशीनला वॉकिंग फूट (वरचा थरही सोबत ओढणारा फूट) मिळत असेल तर उत्तमच. नसेल तर फूटदांडीच्या डोक्यावरचा गोल स्क्रू दीड-दोन फेरे सैल करा. कारण असं की खालचे दाते खालचा थर मागे ओढतात आणि फूट वरच्या थराला अडवून धरतो. शिवणीच्या शेवटी वरचा चौकोन दोन-तीन सूत जास्त उरतो तो यामुळेच, कापायची चूक नसते. टाचण्या दोन्ही टोकांना, मग मध्यावर, मग दर दोन इंचांवर. जो चौकोन किंचित मोठा वाटेल तो खाली ठेवा, दाते त्याची वाढ गिळतात.

रजई मोठी झाली की मशीनच्या हाताखाली मावेल का, ही भीती सोडा. सुलटावर सुलट ठेवून शिवताना सगळा पसारा सुईच्या डावीकडे असतो, उजवीकडे फक्त पाव इंच माया. मात्र डावीकडे एक टेबल किंवा इस्त्रीची घोडी लावा. रजई लोंबकळली तर तिचं वजन सुई बाजूला ओढतं आणि टीप वाकडी जाते. ओळी एकेक वाढवत नेण्याऐवजी ४ ओळींचा एक आणि ३ ओळींचा एक असे दोन भाग करा, शेवटी मधली एकच शिवण.

मागची दुमडलेली पट्टी मशीनने बसवायचा मोह होईल. सुलट बाजूने पट्टीच्या शिवणीतच टीप मारली तर ती मागची दुमड पकडते खरी, पण तिथे रजई गुंडाळून हाताखालून न्यावी लागते, आणि एक सूत म्हणजे पकड फारच थोडी. दहापैकी तीन ठिकाणी दुमड सुटलेली सापडते. हातानेच करा.

---

सुईदोरा_इंदूर

फारच नेमकं सांगितलंत दोघांनी. दोन शंका. हातशिलाईचा टाका वरून दिसू नये म्हणून काय करायचं? आणि रंगाचं राहिलंच. राजवाड्याजवळ मोतिया पॉपलीन पाहिलं आहे, पण बागचा लाल त्यावर उतरला तर?

---

वाकळवाली

लाल आणि मोतिया ही जोडी दिसते सुंदर, पण परीक्षा घेतल्याशिवाय नको. बागच्या छापाचा लाल तुरटी आणि अलिझरिनने उठवतात, काळा लोखंडाच्या पाण्याने. नीट धुतलेलं असेल तर लाल पक्का असतो. पण बाजारात बागच्या नावावर साधं स्क्रीन प्रिंटही विकलं जातं. पांढऱ्या मलमलची चिंधी ओली करून लाल भागावर ठेवा, वरून गरम इस्त्री पाच सेकंद दाबा. चिंधी गुलाबी झाली तर मोतिया विसरा, काळी किंवा मरून पट्टी घ्या. मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही, कोणी कितीही सांगो. तुमचे चौकोन तयार आहेत, म्हणून इस्त्री उरलेल्या तुकड्यावर चालवा. चौकोनावर थेट गरम इस्त्री फिरवली तर पॉलिएस्टर शीट आतल्या आत चपटं होऊन कडक बसतं. तिथे मध्यम आच आणि वर ओलसर कापड.

हातशिलाईला दोरा एकेरी, दीड वितीपेक्षा लांब नको. सुई दुमडीच्या आतून बाहेर काढा, बरोबर समोर अस्तराचे दोन-तीन धागे उचला, परत दुमडीत घाला आणि दुमडीच्या आतूनच पाव इंच पुढे जा. सुई फक्त अस्तरातून गेली पाहिजे, डावा हात रजईखाली ठेवला की टोचण्याआधीच कळतं. दर हातभर अंतरावर एक गाठटाका घाला, म्हणजे कुठे दोरा तुटला तरी अख्खी ओळ उसवत नाही.

मागच्या पट्ट्यांबद्दल अजून एक. पहिल्या ओळीत दुमडलेली पट्टी चौकोनाच्या उजव्या कडेला लावलीत, तर दुसऱ्या ओळीत डाव्या कडेला लावा, तिसरीत परत उजव्या. दुहेरी पट्टीची माया ज्या बाजूला, ती बाजू जाड. आलटून पालटून केलं की चौरस्त्यावर सगळी जाडी एकाच कोपऱ्यात साचत नाही. आडव्या पट्ट्या शिवायच्या आधी उभ्यांची हातशिलाई पूर्ण झालेली हवी, टोकापर्यंत. अर्धवट सोडलीत तर ते टोक आडव्या शिवणीत दुमडून अडकतं.

पट्टीची रीत दिसायला जरा चौकटी-चौकटीची होते, हे मात्र खरं. पुढच्या वेळी पट्टी नको असेल तर टिपा कडेच्या एक इंच आत थांबवा आणि शीट व अस्तर वरच्या कापडापेक्षा अर्धा इंच मोठं ठेवा. मग आधी फक्त वरची कापडं पाव इंचावर जोडायची, शीट कापून कडेला कड भिडवायचं, सैल तिरक्या टाक्यांनी सांधायचं, अस्तराची एक कड सपाट ठेवून दुसरी दुमडून तिच्यावर शिवायची. पाहताना कुठे जोडलंय ते कळतही नाही. पण सुटलेल्या त्या सुमारे दीड इंचाच्या पट्ट्यात टीप नसते, म्हणून पिंजलेल्या सुट्या कापसाला ही रीत नको, गोळे होतात. शीटला चालते.

---

फर्मा_आणि_खडू

मागच्या पट्ट्या आलटून लावायचं माझ्याकडून राहिलं होतं, ते जरूर करा.

गोटाचंही सांगून ठेवतो. सगळं जोडून झालं की बाहेरच्या चारी कडांवर जोडपट्ट्यांची टोकं उघडी असतात. गोट लावायच्या आधी कडेपासून एक सूत आतून अख्ख्या रजईला एक टीप फिरवा, नाहीतर गोट ओढताना ती टोकं बाजूला सरकतात. अडीच इंची पट्ट्या तिरप्या सांध्याने जोडा, दुमडून सव्वा इंच करा, सुलट बाजूने पाव इंचावर शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबून दोरा तोडायचा, पट्टी आधी सरळ वर आणि मग खाली दुमडून दुसरी बाजू सुरू करायची. गोटाच्या पट्टीचा सांधा जोडपट्टीच्या टोकावर येत नाही ना, हे आधी नुसतं लावून पाहा. आला तर गोटाची सुरुवात चार इंच सरकवा.

---

सुईदोरा_इंदूर

चिंधी हलकी गुलाबी झाली. काळं पॉपलीन घेते, अडीच मीटर. फर्म्याचा कर्ण एकीकडून १७ आणि दुसरीकडून १६ इंच ६ सूत भरला, तोही नव्याने कापते आहे.