मदत हवी आहे: इराणी कुटुंबातल्या प्रेमकथेत बापाचा होकार कसा लिहू?

नमस्कार मंडळी,

लॉस एंजेलिसमधल्या दोन इराणी कुटुंबांवर मराठीत एक प्रेमकादंबरी लिहितेय. निम्मी झाली आहे आणि एका ठिकाणी गाडं पार अडलंय. इथे पांचगणीत शिकलेले, पुण्यातल्या इराणी घरांशी घरोबा असलेले आणि अमेरिका-कॅनडात इराणी शेजार लाभलेले बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारते. मागचं सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही, तेव्हा लांबण लागणार.

काळ २०१८चा. नायिका निलूफर, वय २९, वुडलंड हिल्समध्ये वाढलेली. तिचे वडील १९७७ साली शिराझहून इंजिनिअरिंग शिकायला आले. तेव्हा अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या इराण्यांची होती, १९७९-८० मध्ये तर पन्नास हजारांच्या वर. शिकून परत जायचं असंच बहुतेकांच्या मनात होतं. मग क्रांती झाली, तेहरानच्या वकिलातीतले अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले, आणि इकडच्या इराणी विद्यार्थ्यांना इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन कागद दाखवावे लागले. ते दिवस या माणसाच्या अंगात अजून आहेत. कुणी विचारलं तर तो ‘पर्शियन’ म्हणतो. नमाज पढत नाही, रोजे धरत नाही, रात्री जेवताना वाइन घेतो. मुलीला त्याने हवं ते शिकू दिलं, हवं तिथे राहू दिलं. मुल्लांच्या राजवटीला शिव्या घालण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

नायक बयान शाळेत गणित शिकवतो. त्याचं घराणं बहाई. हे निलूफरच्या वडिलांना कुणी सांगावं लागत नाही, मुलाचं नाव ऐकूनच कळतं. बयान, मिसाग, रूहिये ही नावं इराणी माणसाने ऐकली की पुढचं विचारायची गरज सहसा उरत नाही.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बहाई धर्माची पाळंमुळं इराणमधलीच. १८४४ साली शिराझमध्ये बाब यांनी आपला संदेश जाहीर केला, तिथून ही परंपरा सुरू होते. आज इराणमधला हा सगळ्यांत मोठा बिगर-मुस्लीम समाज, पण संविधानाच्या १३व्या कलमात अल्पसंख्य म्हणून नावं आहेत ती झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती यांचीच. बहाईंना विद्यापीठाचे दरवाजे बंद, म्हणून १९८७पासून त्यांनी घराघरांच्या दिवाणखान्यात स्वतःची उच्चशिक्षणाची व्यवस्था उभी केली. १८ जून १९८३ला शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी दिलं गेलं. त्यातली सर्वांत लहान मुलगी १७ वर्षांची होती आणि तिच्यावरचा आरोप मुलांना धर्माचे धडे देण्याचा होता.

आणि याचं खापर फक्त आजच्या राजवटीवर फोडून मोकळं होता येत नाही. १९५५च्या रमझानमध्ये, म्हणजे शहाच्या काळात, रेडिओवरून बहाईंविरुद्ध प्रवचनं झाली आणि तेहरानमधल्या त्यांच्या केंद्राचा घुमट पाडला गेला. पाडणाऱ्यांत लष्करातले बडे अधिकारी होते. निलूफरच्या आजीची पिढी ती प्रवचनं ऐकत वाढली. बहाई माणसाने चहा पिऊन ठेवलेला पेला वेगळा काढून धुवायचा, हे त्या घरात कुणी मुद्दाम शिकवलं नाही, पाहून पाहून आलं. वडिलांचा धर्म सुटला, पेला सुटला नाही. माझ्या मते कादंबरीचा गाभा इथे आहे.

आता कोंडी. बहाई धर्माला बाहेरच्या धर्मातल्या व्यक्तीशी लग्न करायला हरकत नाही. पण लग्नासाठी एक अट कडक आहे: वधू-वरांनी एकमेकांना आपणहून निवडायचं आणि मग दोघांच्याही हयात असलेल्या सगळ्या आईवडिलांची संमती घ्यायची. वय कितीही असो, आईवडील कुठल्याही धर्माचे असोत. ही संमती न घेता लग्न करणाऱ्या बहाईला समाजाच्या निवडणुकांत मत देण्यासारखे हक्क गमवावे लागू शकतात. बयान हे मनापासून मानणारा मुलगा आहे. तो दारू पीत नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नको हे तो पाळतो. म्हणजे प्रेमकथेतली नेहमीची वाट, पळून जाऊन कोर्टात लग्न, त्याच्यासाठी बंद. निलूफरच्या बापाने ‘हो’ म्हटलं नाही तर बयान तिच्याशी लग्न करणार नाही. ज्या माणसाच्या लेखी बयानचा धर्म म्हणजे धर्मच नाही, त्याच्या एका शब्दाला तो धर्मच एवढं मोल देतो. मला ही गोष्ट लिहाविशी वाटली ती यासाठी.

पहिला खर्डा वाचलेल्या मैत्रिणींचं म्हणणं एकच: ‘कॅलिफोर्नियात राहून काय अडतं?’ त्यांना मी सांगितलं, खूप काही अडतं. निलूफरची आजी शिराझमध्ये आहे. अमेरिकेच्या २०१७च्या प्रवासबंदीनंतर आजीला पाहुणी म्हणून इकडे येता येईना, तेव्हा भेटायचं तर हिनेच जायचं. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ती तिथे इराणी पासपोर्टवरच उतरते आणि तिथल्या कायद्यासाठी ती बापाच्या धर्माची मुसलमान मुलगी असते. नागरी संहितेच्या १०५९व्या कलमानुसार मुसलमान स्त्रीचं बिगर-मुसलमान पुरुषाशी लग्न होऊच शकत नाही. म्हणजे इथे नवरा, तिथे कुणीच नाही. वडिलांची भीती अगदी खोटी नाही, आणि खोटी नसलेली भीती पुढे करून ते मनातली खोटी गोष्ट झाकतात. हे दोन पदर वाचकाला वेगवेगळे दिसले पाहिजेत.

होकार आणण्यासाठी तीन शेवट लिहून पाहिले. एकात वडिलांना हार्ट अटॅक येतो आणि बयान धावपळ करतो. दुसऱ्यात आजी फोनवरून सगळ्यांना गप्प करते. तिसऱ्यात जुनी ओळख निघते: डिसेंबर १९७८ला शिराझमध्ये बहाईंची घरं जाळली गेली, तेव्हा निलूफरच्या आजोबांनी बयानच्या आजोबांना लपवलं होतं. तिन्ही फाडले. पहिला स्वस्त, दुसरा सोयीचा. तिसरा मला सर्वांत जास्त खटकला, कारण त्यात बयानने आधी उपकाराचं नातं दाखवायचं आणि मग त्याला जागा मिळायची. नुसता माणूस म्हणून त्याला जागा का मिळू नये?

आणखी एक भान ठेवायचंय. वेगळा पेला म्हटलं की आपल्याला आपलं गाव आठवणार, ते टाळता येणार नाही आणि टाळायचंही नाही. पण ही गोष्ट आपल्या आंतरजातीय लग्नाची इराणी आवृत्ती होता कामा नये. इथल्या माणसांची भीती, त्यांचा हट्ट, त्यांचं आदरातिथ्य सगळं त्यांचंच आहे. पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, तहदीगचा, म्हणजे भाताच्या तळाच्या कुरकुरीत थराचा, सर्वांत खरपूस तुकडा त्याच्या ताटात वाढायचा, आणि तो गेल्यावर त्याचा पेला बाजूला काढायचा. हे सगळं एकाच घरात, एकाच संध्याकाळी. मी तो प्रसंग नवरोजच्या रात्री ठेवला आहे, कारण नवरोज दोन्ही घरांचा सण. बयानच्या घरी तर मार्चमधले एकोणीस दिवसांचे उपास त्याच दिवशी संपतात.

आता माझे प्रश्न:

वडिलांचा होकार विश्वसनीय कसा करू? की नकारावरच संपवू? इराणी लग्नात सोफ्रे-अगदसमोर, म्हणजे लग्नासाठी मांडलेल्या सजवलेल्या चादरीसमोर, बसलेल्या नवरीला तीनदा विचारतात. पहिल्या दोन वेळा बायका ओरडतात, नवरी फुलं तोडायला गेलीय, गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा ती म्हणते, आईवडिलांच्या परवानगीनं, हो. बाकीच्यांसाठी ती रीत असते, निलूफरसाठी ती खरीखुरी अट आहे. माझ्या डोक्यात कादंबरी तिथे पोहोचते, पण तिथवरचा रस्ता दिसत नाही.

दुसरा प्रश्न पांचगणीकरांना. बयानची आई यझ्दची. लहानपणी तिला पांचगणीच्या न्यू एरा शाळेत शिकायला पाठवलं होतं. ही बहाईंनी १९४५ साली सुरू केलेली शाळा. क्रांती झाली तेव्हा ती तिथेच होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पांचगणीच्या वसतिगृहात राहिलेलं कुणी आहे का? रोजचं बारीकसारीक काहीही चालेल.

—

प्रतिसाद १

ताई, मी न्यू एराचा नाही, जवळच्याच दुसऱ्या शाळेत होतो, पण काळ तोच. पाऊस विसरू नका. जून ते सप्टेंबर बूट वाळत नसत, गाद्यांना बुरशीचा वास यायचा, आणि टेबललँडवर धुकं उतरलं की हाताच्या अंतरावरचा मुलगा दिसत नसे. यझ्दच्या कोरड्या उन्हातून आलेल्या मुलीला पहिला पावसाळा कसा वाटला असेल ते लिहा. इराणी मुलं आमच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलायची, बाजारात मात्र मराठीत घासाघीस करायची. शिव्याही मराठीच शिकली होती. ७९नंतर त्यांच्यातल्या काहींच्या घरचे पैसे वेळेवर येईनात, पत्रं उशिरा यायची. सुट्टीत आम्ही घरी निघायचो आणि ती फाटकापर्यंत सोडायला यायची. त्यांचं घर कुठे, हे तेव्हा आम्ही कधी विचारलं नाही.

—

प्रतिसाद २

पूर्ण वाचलं. तुम्ही लिहिलंय की दोघांच्या सगळ्या आईवडिलांची संमती लागते. मग अख्ख्या धाग्यात निलूफरची आई कुठे आहे?

मी टोरंटोत यंग स्ट्रीटच्या इराणी वस्तीजवळ राहते, माझ्या सोबत काम करणाऱ्या बहुतेक बायका इराणी. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. तिकडच्या कायद्यात पहिल्यांदा लग्न करणाऱ्या मुलीला बापाची किंवा बापाच्या बापाची परवानगी लागते. आईला कुणी विचारत नाही. तुमच्या बयानच्या धर्मात मात्र आईचा होकार बापाइतकाच लागतो. म्हणजे हा परका मुलगा त्या बाईच्या समोर बसून जे विचारणार आहे, ते तिला आजवर ना तिच्या बापाने विचारलं, ना नवऱ्याने. वडिलांना एवढ्यात सोडा. आधी तिला बोलू दे. आणि तिने लगेच हो म्हणायला हवं असंही नाही.

—

प्रतिसाद ३

नकारावर संपवू नका अशी विनंती. शेवटी जुळणार या भरवशावरच आम्ही प्रेमकथा हातात घेतो. पण बापाला भाषण देऊन बदलू नका. माझ्या वडिलांनी माझ्या लग्नाला होकार दिला तेव्हा ते फक्त ‘हॉल किती माणसांचा घ्यायचा?’ एवढंच बोलले होते. हट्टी माणसं अशीच नमतात, व्यवहाराच्या प्रश्नातून.

—

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. फाटकापर्यंत सोडायला येणाऱ्या मुली बयानच्या आईच्या प्रकरणात येणारच.

प्रतिसाद २ वाचल्यावर रात्रभर निलूफरच्या आईचाच विचार करत होते. तिची गोष्ट माझ्या वहीत होती, पण चार ओळींची. सासूने शिराझमध्ये पसंत केलेली मुलगी. नवरा अमेरिकेत, त्यामुळे लग्न वकिलामार्फत झालेलं, नवरा समोर नसताना. मग इराकशी युद्ध चालू असतानाच, १९८७मध्ये, व्हिसासाठी तुर्कस्तानात अंकाराला, कारण इराणमध्ये अमेरिकेची वकिलातच उरली नव्हती. होकार तिच्या बापाने दिला होता. ती तेव्हा बावीस वर्षांची होती.

आता दुसरा भाग असा मांडतेय: बयान आधी तिच्याकडे येतो, एकटा, दुपारी, वडील घरी नसताना. रीतीने खास्तेगारीला, म्हणजे मागणी घालायला, मुलाकडची माणसं फुलं आणि मिठाई घेऊन येतात आणि मुलगी चहा आणते. इथे चहा आई आणते. तो विचारतो. ती उत्तर देत नाही, विचार करायला वेळ मागते. तो वेळ तिला हवा तेवढा मिळतो, आणि तिच्या उत्तराची वाट नवऱ्यालाही पाहावी लागते. नुसत्या त्याच्या एकट्याच्या होकाराने काही होणार नाही, हे त्याला त्या घरात पहिल्यांदाच कळतं. हॉलचा प्रश्न त्याच्या तोंडी देईन, पण बऱ्याच पुढे.

म्हणून आता नवीन मदत हवी आहे. ऐंशीच्या दशकात इराणहून तुर्कस्तानमार्गे अमेरिकेत आलेल्या बायकांना कुणी ओळखत असेल तर अंकारातल्या त्या आठवड्यांबद्दल विचारून सांगाल का? कुठे राहत, काय खात, मुलाखतीला जाताना डोक्यावरचा रुमाल कुठे काढत, नवऱ्याला फोन कुठून लावत. नावगाव अजिबात नको, नुसते तपशील. तिने स्वतःहून घेतलेला पहिला निर्णय मला त्या हॉटेलच्या खोलीत शोधायचाय, लहानसा का असेना. प्रकरण तयार झालं की इथेच टाकेन. प्रतिसाद २वाल्या ताई, ते आधी तुम्ही वाचाल ना?