अपंगत्व लाभ चालू असताना कामावर परतावे का? (ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा)

प्रश्न : भोसरीकर

माझा धाकटा भाऊ भोसरीतील एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पॉवर प्रेसवर काम करतो. साडेतीन महिन्यांपूर्वी डायमधून पत्रा काढताना त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. अपघाताचा अहवाल वेळेवर गेल्यामुळे ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ बँकेत जमा होत आहे. जखम भरली आहे, मात्र शर्टाचे बटण लावायला त्याला अजूनही आईला हाक मारावी लागते. आता सुपरवायझर म्हणतात, "स्टोअरमध्ये बसून नोंदी ठेव, मस्टरवर नाव घालत नाही, पगार रोख देतो, म्हणजे तुझे ईएसआयचे पैसेही बुडणार नाहीत." आपण कामाला लागलो हे कळले तर पुढची कायमच्या अपंगत्वाची पेन्शन मिळणार नाही, या भीतीने भाऊही त्याला तयार झाला आहे. त्याने काय करावे?

प्रतिसाद : जुना टाइमकीपर

आपल्या बंधूंनी ही सूचना मुळीच मान्य करू नये. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ हा बुडालेल्या मजुरीच्या बदल्यात, सरासरी रोजंदारीच्या 90 टक्के दराने मिळतो. त्यामुळे ज्या दिवशी विमेदार काम करतो किंवा भरपगारी रजेवर असतो, त्या दिवसाचा लाभ त्याला घेता येत नाही. मस्टरवर नाव नसले तरी काम हे कामच, आणि उघडकीस आल्यास खोटी माहिती देऊन लाभ घेतल्याचा ठपका सुपरवायझरवर नव्हे, तर बंधूंवर येईल. शिवाय स्टोअरमध्ये दुसरा अपघात झाला, तर आपण त्या दिवशी कामावर होतो हे सिद्ध करतानाच नाकीनऊ येतील.

पेन्शनची भीती मात्र निराधार आहे. डॉक्टरांनी अंतिम प्रमाणपत्र देऊन कामावर जाण्यास योग्य ठरवले की तात्पुरता लाभ थांबतो आणि त्यानंतर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते ठरवते. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास 20 टक्के धरलेले आहेत. सरासरी रोजंदारी 600 रुपये मानली, तर तिचे 90 टक्के म्हणजे 540 आणि त्याचे 20 टक्के म्हणजे रोजचे 108 रुपये, अर्थात तीस दिवसांचे 3,240 रुपये होतात. कायमच्या अपंगत्वाचा हा लाभ आयुष्यभर मिळतो आणि नोकरी करून पूर्ण पगार घेतला तरी तो बंद होत नाही.

प्रतिसाद : अंगठेबहाद्दर

वरील माहिती बरोबर आहे, याचा मी चालता-बोलता पुरावा आहे. माझा डावा अंगठा 2009 मध्ये गेला, बोर्डाने 30 टक्के दिले, आणि तेव्हापासून पगार व लाभ दोन्ही घेत आहे. पुढे पगार ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेला, तरीही लाभ चालूच राहिला.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. आपल्या माणसाला बोर्डासमोर "सगळे ठीक आहे" म्हणण्याची खोड असते. बंधूंनी तसे करू नये. व्हर्नियर (मापे घेण्याचे साधन) धरता येतो का, नट घट्ट आवळता येतो का, हे विचारल्यास जसे आहे तसे दाखवावे. निर्णय पटला नाही, तर मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे दाद मागता येते. बोर्डाची टक्केवारी आणि जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरील टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाचा कागद दुसरीकडे चालेल असे गृहीत धरू नये.

भोसरीकर

आपणा दोघांचे आभार. रोख पगाराची गोष्ट आज संपवली. पण अंतिम प्रमाणपत्र मिळाल्यावर हलके काम देणे कंत्राटदारावर बंधनकारक आहे का?

प्रतिसाद : जुना टाइमकीपर

येथे आपली बाजू दुबळी आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याला दुसऱ्या योग्य पदावर घ्यावे लागते, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आहे. खासगी कारखान्याला ते लागू नाही. म्हणून स्टोअरचे काम हवे असल्यास तसा लेखी अर्ज आत्ताच द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. रुजू होण्याची तारीख अंतिम प्रमाणपत्रानंतरचीच असावी आणि त्या दिवसापासून नाव मस्टरवर हवे. हजेरीच्या यंत्रावर जुन्या तर्जनीची नोंद असेल, तीही पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी, नाहीतर महिनाअखेर गैरहजेरी लागेल.